नाकांचा हिशेब

आमच्या दैनिकात तेव्हा एक फूटपट्टी होती,
पितळी, कडेला झिजलेली.
व्यंगचित्र छापायला जाण्याआधी
मंत्र्यांची नाकं मोजायचं काम माझं.

मारोनी नाक चार सेंटिमीटर
तर सुन्नी नाक चार, शिया नाक चार,
एकाला मस काढला तर मस तिघांनाही.
द्रूझ नाक जरा लहान चालायचं, लोकसंख्या बघून.
ऑर्थोडॉक्स नाकाचा निर्णय
विदादबाई फोनवर कुणाशी तरी बोलून घेत.

नख्ले तोवर खिडकीत बसून कॉफी थंड करत.
बैरूतला वीज पाहुण्यासारखी यायची,
हम्रातल्या आमच्या गल्लीत जनरेटरवाला हाच खरा पंतप्रधान,
त्याचं चित्र मात्र कुणी मागितलं नाही.

त्या उन्हाळ्यात कचरा उचलायचं कंत्राट संपलं.
आधी कोपऱ्यावर पिशव्या, मग पिशव्यांखाली कोपरा.
मंत्रिमंडळ बसलं. अकरा तास.
खड्डा कुणाच्या डोंगरात खणायचा?
"तुमच्या कचऱ्याला आमच्या दरीत जागा नाही,"
असं एक जण म्हणाला, आणि इतिवृत्तात तसंच उतरलं:
तुमचा कचरा.
जणू कलिंगडाच्या सालीचीही
सुंता नाहीतर बाप्तिस्मा झालेला असतो.

नख्लेंनी त्या रात्री एका दमात काढलं:
गोल टेबल, सहा जण,
प्रत्येकाच्या चिमटीत शेजाऱ्याचं नाक,
शेवटच्याच्या चिमटीत पहिल्याचं.
नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात.
उघडली होती. सहाही.
आणि सहा तोंडांना मिळून एकच फुगा:
"आणि आमचं काय?"

मी फूटपट्टी घेऊन उभी.
दाबलेलं नाक मोजायचं कसं?
"चिमटीबाहेर उरलंय तेवढं मोज," नख्ले म्हणाले,
"सरकारही तेवढंच उरलंय."

सकाळी फोन.
आमच्या साहेबांचं नाक जास्त लाल का?
आमच्या साहेबांना धरायला दिलेलं नाक तेलकट का, हात बाटला की.
तिसऱ्यानं नाकाचं नावच काढलं नाही,
नख्लेंची मुलं कुठल्या शाळेत जातात तेवढं विचारलं.
विदादबाईंनी फोन ठेवला,
मग उचलून बाजूला काढून ठेवला.

दुपारी एक म्हातारे गृहस्थ स्वतः जिना चढून आले,
लिफ्ट बंद, टाय घट्ट.
आर्मेनियन कोट्यातले राज्यमंत्री, म्गर्दिच नावाचे.
धापा टाकत म्हणाले,
"मी होतो त्या बैठकीत. साडेदहा तास होतो.
मला का नाही काढलं?
आमच्या लोकांना काय तोंड दाखवू?"
आणि बाजूनं नाक दिसेल असे वळून बसले.
नाक खरंच देखणं होतं.
नख्लेंनी दहा मिनिटांत काढून दिलं,
कुणाच्याही चिमटीत नसलेलं, मोकळं.
म्हातारबुवांनी कागद लांब धरून, जवळ धरून बघितला.
"एकटंच आहे," म्हणाले,
"कुणीतरी धरलेलं असतं तर बरं दिसलं असतं."

ते गेल्यावर मी नख्लेंना विचारलं,
तुमचं स्वतःचं किती भरेल?
आई द्रूझ, बाप ऑर्थोडॉक्स,
लग्न बोटीनं सायप्रसला जाऊन लावलेलं.
नोंदवहीतला धर्माचा रकाना त्यांनी अर्ज करून
कोरा करून घेतलाय,
तेव्हापासून ना कोट्यातली नोकरी, ना कबरीची जागा ठरलेली.
ते काही बोलले नाहीत. नाक खाजवलं,
बोटाची शाई नाकाला लागली.

दुसऱ्या दिवशी सुब्हीच्या भट्टीवर
मी झातर लावलेली गरम मनकूश घेतली.
त्यानं आमचाच अंक फाडून गुंडाळून दिली.
चालता चालता तेल झिरपलं,
सहाच्या सहा नाकं आरपार झाली,
आणि त्यांच्यातून मागच्या पानावरचं
वीजकपातीचं वेळापत्रक स्वच्छ वाचता आलं.
आमच्या गल्लीत तीनला येणार होती.
चार वाजत आले होते.